‘वैयक्तिक कारणास्तव’ : दलित शिक्षिका शाळेत का टिकत नाहीत?

तालुक्याच्या गावातल्या खासगी शाळेतून दलित शिक्षिका बाहेर पडते तेव्हा राजीनाम्यातले कारण ठरलेले असते : ‘वैयक्तिक कारणास्तव’. या दोन शब्दांआड संस्थेचा कारभार झाकला जातो. बाई मनाने कच्च्या होत्या, असे म्हणून सगळे मोकळे होतात.

विदर्भात हा प्रकार नवा नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरी हमाली करता करता शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. महार बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी ओरड केली आणि त्यांची नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी संत चोखामेळा कन्याशाळा काढली. त्यांचा गौरव आता होतो; ओरड करणाऱ्यांचा हिशेब कोणी मागत नाही. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. तिथे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर मुले एका वर्गात येऊ लागली, पण दक्षिणेतले हजारो कृष्णवर्णीय शिक्षक घरी बसले. गोऱ्या मुलांवर त्यांचा अधिकार चालावा, हे तिथेही रुचले नव्हते.

आज आपल्याकडे तशी ओरड होत नाही. तेल्हाऱ्यात रुजू झालेल्या शिक्षिकेला खोली पाहायला गेल्यावर भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. मग अकोल्याहून अप-डाऊन सुरू होते. शिक्षककक्षात तिची ओळख ‘कोट्यातल्या मॅडम’. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे टेबलावर फिरतात. तिची भाजी पुढे आली की कुणाला तरी नेमका उपास असतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्यांचे हेलपाटे आणि १४ एप्रिलचे भाषण तिच्याच वाट्याला. पर्यवेक्षकपदाची गोष्ट निघाली की मात्र सेवाज्येष्ठता ‘तपासावी लागते’. यातले एकही प्रकरण तक्रारीएवढे मोठे नसते, आणि मेख तिथेच आहे. झोप उडते, रविवार कलला की छातीत धडधडते, वर्गात शब्द अडतो.

शिक्षणसेविकेची अडचण आणखी मोठी. तीन वर्षे मानधनावर काढायची (२०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये) आणि कायम होणे संस्थेच्या ‘समाधानकारक’ या शेऱ्यावर. तिने तोंड कधी उघडायचे?

अशा वेळी तणावमुक्तीचे शिबिर भरवणे म्हणजे छळणाऱ्याला सोडून छळलेलीला श्वास कसा घ्यावा हे शिकवणे. उपचार हवेतच, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते, त्यात लाज नाही. पण गोळी बाईंनी घ्यायची आणि शिक्षककक्ष तसाच राहायचा, हे चालणार नाही. चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतो. डबा टाळणे त्यात सहसा बसत नाही. म्हणूनच जबाबदारी संस्थाचालक आणि शिक्षणाधिकाऱ्यांची आहे. कोणत्या प्रवर्गातल्या किती शिक्षिका किती वर्षांत सोडून गेल्या, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा आणि राजीनामा स्वीकारण्याआधी शिक्षिकेचे म्हणणे संस्थेबाहेरच्या अधिकाऱ्याने ऐकावे.

खासगी शाळांच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यानुसार राजीनाम्याच्या दोन्ही प्रतींवर कर्मचाऱ्याने सही करून तारीख घालायची, एक नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची असते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर आधीच टाइप करून ठेवलेला कागद या रीतीत बसत नाही. सेवेतून काढल्यास आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.