खताच्या चकतीला थ्रस्ट बेअरिंग कशाला?

खत फेकायच्या यंत्राची चकती आडवी फिरते, शाफ्ट उभा. त्यामुळे बरेच फिटर लगेच म्हणतात, "वजन खाली येतंय, थ्रस्ट बेअरिंग टाका." ऐकायला बरोबर वाटतं, पण मला पटत नाही.

हिशोबच बघा ना. चकती चार-पाच किलोची. साधं ६२०५ बॉल बेअरिंग एवढं वजन सहज पेलतं. खरा मार बसतो बाजूनं. दमट हवेत युरिया एखाद्या पात्याला चिकटून बसतो. केंद्रापासून २५ सेंमीवर ५० ग्रॅम चिकटला आणि चकती ५४० आरपीएमनं फिरतेय असं धरा, तर शाफ्टला बाजूनं साधारण ४ किलोची ओढ बसते, आणि ती सेकंदाला ९ वेळा गोल फिरते. वेग १००० केला की तीच ओढ १४ किलो! थ्रस्ट बेअरिंग बाजूचा जोर घेतच नाही. वर भार हलका आणि वेग जास्त असला की त्यातले छर्रे फिरायच्या ऐवजी घसरतात.

म्हणून दोन साधी बॉल बेअरिंग, त्यांच्यात जागा असेल तेवढं अंतर, आणि चकती वरच्या बेअरिंगला जवळ. एक बेअरिंग हाउसिंगमध्ये सर्कलिप लावून पक्कं करायचं, तेच चकतीचं वजन घेईल. दुसऱ्याला केसभर सरकायला वाव ठेवायचा. टेपर रोलर मला गवत कापायच्या स्लॅशरला पटतं, तिथं दगड-बुंध्याचे दणके असतात. पण त्याचा नट जास्त आवळला की तापतं, ढिला राहिला की डुगडुगतं.

आता दुकानदार म्हणेल, भोक तेच २५ मिमीचं, मोठं ६३०५ घ्या. कागदावर आयुष्य जवळपास चौपट, हे खरं. पण खताच्या यंत्रातलं बेअरिंग भारानं कमी आणि खताच्या भुकटीनं जास्त मरतं. पोटॅशमधला क्लोराइड आणि हवेतला ओलावा एकत्र आला की छर्ऱ्यांना गंज धरलाच म्हणून समजा. झेडझेडवाल्या बेअरिंगची पत्र्याची झाकणं आतल्या रिंगला टेकत नाहीत, फट राहते. २आरएसचं रबर टेकतं. माझे पैसे मी सीलवर घालीन, आकारावर नाही. वरच्या बेअरिंगवर चकतीसोबत फिरणारी पत्र्याची टोपी लेथवाल्याकडून करून घेतली तर आणखी बरं. आणि यंत्र धुताना प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका, पाणी आत जातं.

हे सगळं शे-दोनशे रुपये वाचवायला सांगत नाहीये. चकती डुगडुगली की फेक दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही, आणि मग गव्हात हिरवे-पिवळे पट्टे दिसतात. तोवर खताचा हप्ता देऊन झालेला असतो. ट्रॅक्टर बंद असताना चकती कडेला धरून वर-खाली हलवून बघा. खटखट लागली तर पाणी द्यायच्या आधीच बेअरिंग बदला, म्हणजे वाफसा आल्यावर खोळंबा नको.