नदीवर, पण धुणं न घेता!

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी दिवाळीचा फराळ संपला, डबे घासून पालथे घातले आणि त्याच दिवशी मी जिन्याखालची सायकल बाहेर काढली. लेकीची सायकल. ती बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली आणि सायकल तिथेच राहिली, अंगावर रद्दीचे गठ्ठे घेऊन. टायर बसलेले, साखळी गंजलेली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ट्यूब बदलली, तेलपाणी केलं आणि विचारलं, "विकायचीय का, ताई?" म्हटलं, नाही हो, मलाच चालवायचीय. तो क्षणभर बघतच राहिला. मग काही न बोलता सीट दोन बोटं खाली केली!

पहिल्याच दिवशी गल्लीतल्या चौघींनी विचारलं, "वहिनी, स्कूटी बिघडली का?" त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे सायकलवरची बाई म्हणजे एकतर शाळेला निघालेली मुलगी, नाहीतर कामाला निघालेली बाई. तिसरं कारण असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. खरं सांगू? माझ्याही आलं नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, म्हणून निघाले. पण आठवड्याभरात गुडघे राहिले बाजूला!

सांगलीकरांना हरिपूरचा रस्ता सांगायला नको. इतरजणींसाठी सांगते. गावातून निघायचं, बागेतल्या गणपतीला सायकलवरूनच नमस्कार करायचा आणि कृष्णेच्या कडेकडेने पुढे जायचं. वाटेत अजून जुनी चिंचेची झाडं उभी आहेत. तीन-चार किलोमीटरवर हरिपूर. तिथे वारणा येऊन कृष्णेला मिळते. काठावर संगमेश्वराचं देऊळ. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीचं ते नाटक १८९९ साली रंगमंचावर आलं. त्या गावात आज पन्नाशीला टेकलेली बाई कुणाला न विचारता सायकलवर जाते, हे देवलांनी बघायला हवं होतं, असं मला उगाच वाटून जातं.

थंडीत नदी दिसतच नाही, नुसतं धुकं. पाण्यावरून कुणाचं तरी बोलणं ऐकू येतं आणि माणूस मात्र दिसत नाही. काकड्याला निघालेल्या आज्या भेटतात. बोटं गारठतात, ब्रेक दाबवत नाही. फेब्रुवारी-मार्चला शिवारात हळद शिजायला लागते. तो ओला, मातकट वास ओढणीला चिकटून घरापर्यंत येतो. हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खोदलेली. २००५ च्या पुरात त्यातली बरीचशी गेली. याच दिवसांत रस्त्यावर चिंचा पडलेल्या असतात. मी खुशाल उतरून वेचते. कॅरिअरला पिशवी लावलेलीच असते. एप्रिल-मेमध्ये नदी आटते, खडक वर येतात, मळीत वांग्यांची रोपं दिसतात. सहाच्या आत निघाले तर बरं, आठला ऊन पाठीत घुसतं. (आणि हो, कृष्णेत मगरी आहेत. काठावरून बघायचं, पाय सोडून बसायचं नाही!)

पावसाळ्याचं मात्र वेगळं. पाणी आधी तांबूस होतं, मग चढायला लागतं. अख्खं गाव आयर्विन पुलावर फूट मोजायला जातं. १९२९ चा हा पूल आमचं पुराचं पंचांगच आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा नदीकडे जावंच लागलं नाही, तीच दारात आली. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतर मी तीन वर्षं नदीकडे बघितलंसुद्धा नाही. राग होता, भीती होती. सायकलने ती भीती गेली असं म्हणणार नाही. पण रोज बघितलं की नदीचा स्वभाव कळायला लागतो. कुठल्या पायरीपर्यंत आली की काळजी करायची, हे आता मला टीव्ही न लावता कळतं.

माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मी आले की विचारायच्या, "आज काय दिसलं?" एक दिवस म्हणाल्या, "नदीवर मी रोज जायची गं, माहेरी अन् सासरीही. डोक्यावर धुण्याचं घमेलं. नुसती कधी गेलेच नाही." त्यांच्या भावाला सायकल होती. या मागून कॅरिअर धरून पळायच्या, त्याला शिकवायला! यांना कुणी शिकवलं नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांना रिक्षात बसवलं, मी मागे सायकलवर. दर्शन झाल्यावर म्हटलं, "आई, निघायचं का?" म्हणाल्या, "थांब की." पाऊण तास दोन नद्यांचं पाणी बघत बसल्या. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

तामिळनाडूत पुदुकोट्टईला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली होती. शेतात राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या हजारोजणी शिकल्या. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. चांगलंच झालं. पण शाळा संपल्यावर त्या सायकलींचं काय होतं? लग्नात मुलगी सासरी जाते, सायकल धाकट्या भावाकडे. पुढे नवऱ्याच्या मागे बसायचं, नाहीतर स्कूटीवरून भाजी आणायची. स्कूटीवर आपण कुठेतरी पोचायलाच निघतो ना?

तक्रारीही आहेत. दिवे जागोजागी बंद असतात, त्यामुळे संध्याकाळी एकटीला नको वाटतं. सकाळी काठावर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. वर्षात तीनदा पंक्चर झाली. शेरीनाल्याचं पाणी नदीत मिसळतं ते तर नाक दाबून बघावं लागतं. नदीकाठ सुशोभित करायचा तर आधी दिवा आणि झाडू, कारंजी नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे आपण बायकांनीच वॉर्डात जाऊन मागायचं. तिथे रोज जाणारी बाईच सांगू शकते कुठला खांब बंद आहे ते. आम्ही तिघींनी मिळून अर्ज दिला, दोन दिवे लागले. बाकीच्यांसाठी पुन्हा जाणार आहोत.

हो, आता तिघी आहोत. "स्कूटी बिघडली का" विचारणाऱ्यांपैकीच दोघी! एकीला मुळीच येत नव्हतं, मैदानावर पंधरा दिवस पडत-धडपडत शिकली. ओढणी कमरेला बांधायची, साडी असेल तर पदर घट्ट खोचायचा, एवढंच पथ्य. सध्या उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत सुटलेत, म्हणून नीट उजाडल्यावर साडेसहाला निघतो. तुमच्या गावच्या नदीकाठी कसा रस्ता आहे, कळवा. आणि सांगलीच्या असाल तर या, बागेतल्या गणपतीपाशी पाच मिनिटं थांबतो.