गाडी कुणाच्या मापाची

यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग मोटारींच्या डिझाइनमध्ये काम करणाऱ्या बायकांवर आहे. विषय ठरल्याचं कळल्यावर ‘म्हणजे बायकांच्या गाड्यांवर का?’ असं अनेकांनी विचारलं. हा विभाग काढण्याचं कारण त्याच प्रश्नात आहे.

‘बायकांची गाडी’ एकदा काढून झालेली आहे. १९५५ साली अमेरिकेत डॉज कंपनीने ‘ला फाम’ नावाची मोटार आणली. गुलाबी-पांढरा रंग, सोबत रंगाला साजेशी पर्स, लिपस्टिकची डबी, रेनकोट आणि छत्री. खालची गाडी मात्र डॉजची नेहमीचीच. दोन वर्षांत ती बंद झाली. बाईला काय हवं असेल हे दुसऱ्यांनीच ठरवून टाकलं होतं, आणि ठरवणाऱ्यांना तिच्या हातातली पर्स तेवढी दिसली होती.

त्याच दशकात जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांनी काही तरुण डिझायनर बायकांना कामावर घेतलं. कंपनीने त्यांची ‘डॅमझेल्स ऑफ डिझाइन’ अशी जाहिरात केली. काम बहुतेक गाडीच्या आतलं: कापड, रंग, सीट. रूथ ग्लेनी यांनी १९५८मध्ये एका कॉर्व्हेटसाठी ऋतूंप्रमाणे बदलता येतील अशी सीटकव्हरं केली. मग अर्ल निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बिल मिचेल यांना आपल्या ज्येष्ठ डिझायनरांच्या शेजारी बायका नको होत्या. एकेक करत बहुतेक जणी बाहेर पडल्या. सुझान व्हँडरबिल्ट मात्र १९७७पर्यंत तिथेच राहिल्या. आपण इथे नकोसे आहोत हे ठाऊक असताना वर्षानुवर्षं रोज त्याच टेबलावर जाऊन बसायचं, याला केवढं बळ लागलं असेल! त्यांचं नाव मराठीत कुठे छापून आल्याचं आमच्या पाहण्यात नाही. म्हणून ते इथे मुद्दाम घेतलं.

मोटारीचं डिझाइन आपण बाहेरून बघतो, त्यामुळे ते पत्र्याच्या वळणापासून सुरू होत असेल असं वाटतं. आतला हिशेब वेगळाच असतो. सीटवर बसलेल्या माणसाचा खुबा जिथे येतो, त्या बिंदूला डिझायनर ‘एच-पॉइंट’ म्हणतात. स्टिअरिंग किती लांब, पेडल कुठे, छत किती उंच, काचेतून रस्ता किती दिसतो, हे सगळं त्या एका बिंदूच्या आधाराने मोजतात. मग तो खुबा कुणाचा धरायचा, हाच सगळ्यात मोठा निर्णय झाला. दीर्घ काळ तो पुरुषाचा धरला गेला. त्यात कुणाचा दुष्टावा असेलच असं नाही. खोलीत बसलेल्या सगळ्यांना आपापलं शरीर डोळ्यांसमोर आलं, इतकंच.

मिमी व्हँडरमोलन फोर्डमध्ये त्या खोलीत शिरल्या आणि १९८६च्या टॉरसचा अंतर्भाग त्यांच्या देखरेखीखाली झाला. रस्त्यावरची नजर न हटवता बोटांनी चाचपून कळतील अशी बटणं त्यात आली. बाईला गाडी वापरताना येणाऱ्या अडचणी सोडवल्या की पुरुषालाही ती सोपी होते, हे त्यांचं साधं म्हणणं. टॉरस पुढे काही वर्षं अमेरिकेत सर्वाधिक खपणारी मोटार होती. तिला कुणी बायकांची गाडी म्हटलं नाही.

आपल्याकडची गोष्ट तर याहून जवळची. रामकृपा अनंतन बिट्स पिलानीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि मग पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकून १९९७मध्ये महिंद्रात लागल्या. सुरुवात गाडीच्या आतल्या कामापासूनच झाली. २०११ची एक्सयूव्ही ५००, २०२०ची थार आणि २०२१ची एक्सयूव्ही ७०० त्यांच्या नेतृत्वाखाली घडल्या. चित्त्यावरून सुचलेली एक्सयूव्ही ५०० चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली. थार नाशिकला बनते. रांगड्या गड्याची गाडी म्हणून पोरं जिच्यावर जीव टाकतात, तिच्या डिझाइनची सूत्रं एका बाईच्या हातात होती, हे घाटात थार पळवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल?

मोटारीचं डिझाइन हे हातांचंही काम असतं. गरम करून मऊ केलेली क्ले थापायची, पात्यांनी खरवडायची, पूर्ण आकाराची गाडी उभी करायची. मग तिच्यावर रुपेरी फिल्म ताणून बसवतात आणि वरच्या दिव्यांच्या सरळ रेषा अंगावर कशा वळतात ते पाहतात. रेष कुठे अडखळली की पुन्हा खरवडणं. आठवडेच्या आठवडे.

खुब्याच्या त्या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र अंगावर काटा आणणारी आहे. अपघातचाचणीत गाडीत बसवतात तो नेहमीचा डमी, म्हणजे माणसाचा पुतळा, १९७०च्या दशकापासून मध्यम बांध्याच्या पुरुषाचा आहे. ‘बाई’ म्हणून वापरतात तो डमी जेमतेम दीडशे सेंटीमीटर उंचीचा, म्हणजे अगदी लहानखुऱ्या बाईचा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात असं दिसलं की पट्टा बांधलेल्या बाईचालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुषाच्या तुलनेत ४७ टक्क्यांनी अधिक असते. सरासरी बाईच्या शरीराचा, १६२ सेंटीमीटर आणि ६२ किलोंचा डमी स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये पुढे आणला. चंद्रावर माणूस पोचून तोवर अर्धशतक उलटलं होतं. याचा राग यायलाच हवा.

पुण्यात १९६६पासून एआरएआय ही मोटारींच्या संशोधन-चाचणीची संस्था आहे, पिंपरी-चाकणला कारखाने आहेत, डिझाइनची कॉलेजं आहेत. चाचणीत कुणाचं शरीर बसवायचं हा प्रश्न लावून धरायला याहून योग्य जागा देशात क्वचितच असेल. डिझाइनच्या वर्गात बसलेल्या मुलींनी सीटकव्हरांवर न थांबता एच-पॉइंटपर्यंत पोचावं, आणि घरच्यांनी ‘मुलीला कशाला मोटारी?’ म्हणून त्यांची वाट अडवू नये, एवढ्यासाठी हा विभाग.

पाडव्याला गाडी घ्यायला जाल तर जी ती चालवणार आहे तिला आधी सीटवर बसवा. रंग नंतर बघा. सीट वर-खाली होते का, पट्टा खांद्यावर बसतो की मानेला घासतो, क्लच पूर्ण दाबायला पुढे सरकल्यावर छाती स्टिअरिंगला भिडते का, साडी नेसून चढता-उतरता येतं का, हे बघा. अडलं तर शोरूममध्ये बोला आणि कंपनीलाही लिहून कळवा.



– संपादक