उमराहला निघताना फोन कोणता?

अमेरिकेहून भाच्याने पाठवलेला आयफोन अम्मीला उमराहसाठी द्यावा का, असं एका भगिनीने विचारलं आहे. आधी दोन गोष्टी पाहा. तिथे मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा ‘लॉक’ असतो. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. शिवाय २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकी आयफोनमध्ये सिमची जागाच नाही, फक्त ई-सिम.

त्यापेक्षा दोन सिमचा साधा अनलॉक फोन बरा. एकात पासपोर्ट दाखवून घेतलेलं सौदीचं सिम, दुसऱ्यात रोमिंग सुरू केलेलं आपलं. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. नंबर पोर्ट करायचा तर पंधरा दिवस आधीच उरका. जुनं बंद, नवं सुरू नाही, असं परदेशात व्हायला नको. हरमात अम्मीचं मन इबादतीत राहावं, फोनात नव्हे.