रोमन रस्ते ‘अमर’ नव्हते

१/ ‘रोमनांचे रस्ते दोन हजार वर्षे टिकले, आजचे एका पावसाळ्यात उखडतात.’ हे वाक्य इतिहास म्हणून मिरवते. प्रत्यक्षात ते अर्धसत्य आहे.

२/ इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसने रोमपासून आरिमिनमपर्यंतचा फ्लामिनियन मार्ग दुरुस्त करविला आणि आपल्या कार्याच्या शिलालेखात त्याची अभिमानाने नोंद केली. तेव्हा तो मार्ग दोनशे वर्षांचाही नव्हता! इ.स.पू. २० मध्ये त्याने रस्त्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमले. अनेक रोमन मैलदगडांवर ‘दुरुस्त केला’ याच अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

३/ तुलनाही विषम आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ओटावाजवळ, खास बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी सतत फिरवून चाचणी झाली. निष्कर्ष असा, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे १६ पट होते. रोमन बैलगाड्यांचा भार त्या मालमोटारींच्या जवळपासही नव्हता.

४/ त्याच चाचणीत रस्त्याची अवस्था ० ते ५ गुणांत मोजली गेली. अशा मोजणीचे मोल वेळेत आहे. पाया शाबूत असताना नवा थर दिला, तर आयुष्य वाढते. भेगांतून पाणी खाली मुरून पाया खचला, की तोच थर व्यर्थ ठरतो.

५/ म्हणून ‘अमर रस्त्या’ची दंतकथा निरुपद्रवी नाही. चांगल्या रस्त्याला देखभाल लागतच नाही, असे ती शिकवते. मग शेवटची पाहणी कधी झाली, हे कोणी विचारीत नाही. रोमनांकडून घ्यायची ती दुरुस्तीची शिस्त. दगडांची मिजास नव्हे.