अवांतर बंद म्हणे!

आमच्या तालुक्याच्या गावात प्रोग्रामिंग करणाऱ्या पोरांचा एक गट आहे. पंधरा-वीस जण असतील. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतात. पॉलिटेक्निकची मुलंमुली, पुण्यातल्या कंपन्यांचं काम घरून करणारे दोघे-तिघे, कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. बातमीसाठी गेलो होतो, पुढं सवयच लागली.

आता तिथं ठराव येतोय की, बैठकीत फक्त तांत्रिक विषय बोलायचे. पाण्याची पाळी, भरतीच्या परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज, एसटीच्या वेळा हे सगळं अवांतर. बंद.

ठराव आणणाऱ्यांचं सगळंच चुकतंय असं नाही. दोन तासांतला पाऊण तास राजकारणात जाताना मी पाहिलाय. निवडणुकीच्या दिवसांत तर दोघं जण एकमेकांशी बोलायचे थांबले होते. वीस किलोमीटरवरून दुचाकीवर पायथन शिकायला आलेल्या पोरीला आमदार कुणाचा माणूस हे ऐकवायचं, म्हणजे तिचं पेट्रोल फुकट घालवणं.

पण अवांतर म्हणजे तेवढंच का?

५ मार्च १९७५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथं गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी माणसं जमली. होमब्रू कॉम्प्युटर क्लब तो हाच. फ्रेंच यांच्याबरोबर तो सुरू करणारे फ्रेड मूर हे मुळात युद्धविरोधी कार्यकर्ते. पुढं ली फेल्सेनस्टाइन सूत्रसंचालन करायचे. त्यांच्या बैठकीचे दोन भाग असत. आधी ज्यानं त्यानं उठून आपल्याकडं काय आहे, काय हवंय, काय कानावर आलंय ते सांगायचं. मग सभा मोडायची आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्यानं त्याच्याशी बोलायचं. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी अ‍ॅपलचा पहिला संगणक आधी याच मंडळींना दाखवला. कामाचा भाग कोणता आणि गप्पांचा कोणता, हे तिथं कुणाला वेगळं काढता आलं असतं असं मला वाटत नाही.

याच फेल्सेनस्टाइन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७३ मध्ये बर्कलीत रेकॉर्डच्या एका दुकानात टर्मिनल ठेवलं होतं. नाव कम्युनिटी मेमरी. कुणीही यावं, निरोप टाकावा, शोधावा. लोकांनी काय विचारलं? चांगले बेगल कुठं मिळतात! बेगल म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव. त्यावर एकानं उत्तर टाकलं की, बेगल करायला शिकवणारा माणूस आहे, त्याला फोन करा. आमच्या ठरावानुसार तो प्रश्न पहिल्या मिनिटाला कापला गेला असता.

आता आमच्याकडचं सांगतो. गेल्या वर्षी चहाच्या वेळी एका मुलीनं कुरकुर केली की, अर्जाला फोटो आणि सही ठरावीक केबीच्या आत लागते, फोनवरून जमत नाही आणि नेटकॅफेवाला प्रत्येक वेळी वीस रुपये घेतो. शुद्ध अवांतर. एका पोरानं आठवड्यात छोटंसं वेबपेज करून आणलं. फोटो निवडा, आकडा टाका, लहान होऊन मिळतो. फोटो बाहेर कुठंही जात नाही, सगळं फोनमध्येच होतं. हे कसं साधलं यावर पुढच्या बैठकीत तासभर चर्चा झाली. सगळ्यांच्या मते ती वर्षातली सगळ्यात चांगली तांत्रिक चर्चा. आता क्लासवाले सर सगळ्या विद्यार्थ्यांना तेच पेज देतात.

दुसरी गोष्ट, कुठला विषय अवांतर हे ठरवतंय कोण? ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्याला कोडपुरतं बोललं तरी चालतं. जिची फी शिष्यवृत्तीवर अडलीय तिला तोच विषय आहे. नियम लागू झाला तर गप्प ती बसेल, राजकारणावर बोलणारे बाहेर टपरीवर बोलतीलच.

आणि ओळखी अशाच होतात हो. ऑगस्ट २०१८ च्या पुरात केरळमध्ये स्वयंसेवक प्रोग्रामर आणि विद्यार्थ्यांनी राज्याच्या आयटी मिशनच्या साथीनं मदतीची मागणी नोंदवायची वेबसाइट उभी केली. पाणी दारात आल्यावर कुणाला काय येतं हे विचारत बसायला सवड नसते.

मात्र अवांतरवाल्यांनाही दोन शब्द. समाजासाठी काहीतरी करू, हे मी या हॉलमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता कान उठतात. एसटीच्या वेळांचं अ‍ॅप चार महिने नुसतं बोलण्यात आहे. स्टँडवर जाऊन कंट्रोलरकडून वेळा लिहून आणायला मात्र एकही जण गेला नाही. गाडी सव्वाआठला सुटते की साडेआठला, हे लॅपटॉपमध्ये बघून कसं कळणार?

म्हणून रविवारी मी हे मांडणार आहे. पहिला तास ठरलेला तांत्रिक विषय, त्यात कुणीही मधे तोंड घालायचं नाही, मीसुद्धा. पुढचा तास मोकळा. त्यात पक्षाचं राजकारण नको, बाकी गावातली कुठलीही अडचण मांडा. ज्याला ती सोडवावीशी वाटेल त्यानं नाव लिहून द्यायचं आणि पुढच्या महिन्यात काय झालं ते उभं राहून सांगायचं. झालं नसेल तर झालं नाही म्हणायचं.

मला मत नाही, मी सभासद नाही. पण ज्यांना आहे त्यातले बरेच जण ही पोस्ट वाचतात. बैठक सकाळी दहाला आहे. स्टँडवरून चालत आलात तर येताना वेळा लिहून आणा.