अकरा महिन्यांचे घर आणि अपंग मूल

घराच्या प्रश्नाचा विचार आपली चळवळ आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी करीत आली आहे. भाडे किती, आणि मालक बिऱ्हाड उचलायला लावील की नाही. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आणि पुढे त्याची जागा घेणारा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा याच दोन प्रश्नांभोवती फिरतात. ते स्वाभाविकही होते. गिरणगावातील कामगाराला मालकाच्या लहरीपासून संरक्षण मिळवून देण्यातच एक पिढी खर्ची पडली. परंतु त्या छपराखाली राहणाऱ्या माणसाचे शरीर कसे आहे आणि ते घर त्या शरीराला पेलते की नाही, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही आणि खरे सांगायचे तर आपणही विचारला नाही.

गेल्या पावसाळ्यात सभासद नोंदणीच्या निमित्ताने परळ भागातील एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जाण्याचा प्रसंग आला. दहा बाय बाराची भाड्याची खोली, कोपऱ्यात गादीवर नऊ वर्षांचा मुलगा. जन्मतःच मेंदूला इजा झालेली, सेरेब्रल पाल्सी. आई त्याला कडेवर घेऊन रुग्णालयात व्यायामोपचारासाठी नेत असे. आधी आठवड्यातून तीनदा, मग पंधरवड्यातून एकदा, आता मुळीच नाही. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, जिना उतरताना एका हाताने कठडा धरावा लागतो. हा लहान होता तेव्हा धरता येत होता. आता दोन्ही हात यालाच लागतात. पडलो तर दोघंही पडू." त्या लाकडी जिन्याच्या दोन पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि दिवा बंद होता. मी मोकळ्या हातांनी चढलो, तरी भिंत धरूनच.

या एका वाक्यात सारा प्रश्न आहे. मुलाचे वजन वाढते, आईचे वय वाढते, आणि जिना आहे तेवढाच राहतो. उपचार थांबले की स्नायू आखडतात, सांधे वाकडे होऊन बसतात; मग केवळ व्यायामाने भागत नाही, शस्त्रक्रियेची पाळी येते. खाली नेले जात नाही म्हणून ऊन मिळत नाही, ऊन नाही म्हणून आधीच दुर्बल असलेली हाडे अधिक ठिसूळ होतात. चाळीच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरून असतात. अशा मुलांना नीट खोकता येत नाही, घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यांच्या छातीत कफ साठला की तो साध्या सर्दीवर थांबत नाही. आणि शौचालय गॅलरीच्या पार टोकाला, तेही उकिडवे बसण्याचे. ज्या मुलाला बसताच येत नाही त्याने काय करायचे? त्या आईने संकोचत सांगितले की दुपारनंतर ती त्याला पाणी कमीच देते. बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचे विकार कसे जडतात, हे समजण्यासाठी वेगळे वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

ड्यूशेन नावाचा एक स्नायुक्षय आहे. तो बहुधा मुलग्यांना होतो. चार-पाच वर्षांचा मुलगा जिना चढताना दमू लागतो आणि साधारणतः दहा ते बारा या वयात चालणेच थांबते. म्हणजे रोगाची पहिली खूण जिन्यावर दिसते, आणि शाळाही बहुतेकदा जिन्यापाशीच सुटते. फिट येणाऱ्या मुलाच्या घरात स्टोव्ह आणि अंथरूण यांत दोन हातांचे अंतर असते. स्वमग्न मूल उंचीचे भय न बाळगता खिडकीत चढते. तिला जाळी बसवायची तर मालकाची परवानगी हवी.

परवानगीची गोष्ट निघालीच आहे तर ती नीट पाहू. १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार, मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केले तर मालक जागा परत मागू शकतो. कशाला कायमस्वरूपी समजू नये, याची यादी त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिली आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळीकाम, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, धुराडे. यादी वाचून थक्क व्हायला होते. शोभेच्या छताची आणि गार हवेची सोय कायदेकर्त्यांना आठवली. उंबऱ्यावरचा उतार, न्हाणीघरातील आधाराची दांडी, बसायचे शौचकूप यांतले एकही आठवले नाही. न्यायालय कदाचित दांडीला बांधकाम म्हणणार नाही. पण खटल्याच्या धास्तीने भाडेकरू ती बसवीतच नाही. आणि जिना तर त्याच्या ताब्यातच नाही, तो मालकाचा.

हेही ज्यांना जुने भाडेकरूपण आहे त्यांच्यापुरते. आज शहरात नव्याने खोली घेणारा बहुतेक लिव्ह अँड लायसन्सवर, ११ महिन्यांच्या करारावर राहतो. मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर कलम २४ खाली दुप्पट रक्कम भरावी लागते. दांडीसाठी खिळा ठोकावा तर अनामत रकमेतून कापणार. जुळवाजुळव करून घर मुलाच्या सवयीचे होते न होते तोच ते सोडावे लागते. अंध मुलाने हाताने पाठ केलेली खोली दर वर्षी पुसली जाते. शिवाय "मुलगा रात्री ओरडतो का हो?" असे दलालाने विचारून खोली नाकारल्याचे अनुभव कार्यकर्त्यांना नवे नाहीत.

तळमजला घ्या, असे सहज सांगितले जाते. तो महाग असतो किंवा सखल भागात असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री मुंबईतल्या कित्येक तळमजल्यांत पाणी शिरले. जे मूल पलंगावर स्वतः चढू शकत नाही, त्याच्यासाठी कमरेइतके पाणी म्हणजे काय, याचा विचार करावा.

दरम्यान सरकारने आपल्याला एक नवा शब्द दिला, दिव्यांग. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात त्यासाठी स्वतंत्र विभागही झाला. २०१६ च्या केंद्रीय कायद्यात सरकारी गृहयोजनांतील ५ टक्के राखीव वाटपाची तरतूद आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण घर वाट्याला येईपर्यंत मूल ज्या भाड्याच्या खोलीत वाढते, तिच्या जिन्यापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो, त्या अमेरिकेत १९८८ सालच्या दुरुस्तीने घरमालकावर बंधन घातले की अपंग भाडेकरूने स्वखर्चाने केलेला वाजवी बदल नाकारता येणार नाही. जागा सोडताना आतील बदल पूर्ववत करून देण्याची अट मात्र त्याला घालता येते. यात क्रांतिकारक काहीही नाही. खर्च गरिबावरच पडतो, ही त्यातली खोटही उघड आहे. आपल्याकडे तो महापालिकेने उचलावा; एकाच खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या वृद्ध मालकिणीवर तो लादणे न्यायाचे होणार नाही.

तेव्हा कलम १६ च्या स्पष्टीकरणात अपंग व्यक्तीसाठी आवश्यक सोयींचा समावेश करावा आणि ११ महिन्यांच्या करारालाही ते लागू करावे, ही मागणी आपण घेतली पाहिजे. पुनर्विकासाचा प्रश्न तर दाराशी उभा आहे. बीडीडी चाळींपैकी वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ते ५०० चौरस फुटांत गेले, याचा आनंद आहे. परंतु शहरभर अशा प्रकल्पांत मधली वर्षे माणसे संक्रमण शिबिरात किंवा विकासकाने दिलेल्या भाड्यावर काढतात, आणि ती वर्षे मुलाच्या वाढीचीच असतात. शिबिरातील तळमजल्याच्या खोल्या कोणाला मिळतात, यावर आपल्या कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवावे.

परळच्या त्या चाळीचाही पुनर्विकास ठरला आहे. आमच्या पाहणीच्या कागदावर भाडे, क्षेत्रफळ, शिधापत्रिका यांचे रकाने होते. या महिन्यापासून आणखी तीन घातले आहेत: घरात अपंग मूल आहे काय, जिन्याच्या पायऱ्या किती, शौचालय दारापासून किती पावलांवर. इतर शाखांना हवा असल्यास नमुना पाठवू.